शह, काटशह आणि मनसुबा

ईदच्या सुट्टीत बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवणं उरकली, आणि आतल्या खोलीतून माऊस आपटल्याचा आवाज आला. बहीण म्हणाली, "भाई, तूच सांग आता त्याला काहीतरी. माझं ऐकत नाही." भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आत गेलो तर स्क्रीनवर पराभवाची पाटी होती आणि त्याचा चेहरा उतरलेला.

"मामू, ही लॉटरी आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्याही रेसशी मी जिंकतो. समोर माझीच रेस आली की हरतो."

खेळ होता स्टारक्राफ्ट. १९९८ साली आलेला, म्हणजे भाच्याच्या जन्माआधीचा. त्यात तीन जमाती आहेत, खेळणारे त्यांना रेस म्हणतात : टेरन, प्रोटॉस आणि झर्ग. तिघांची फौज वेगळी, घरं बांधायची पद्धत वेगळी, ताकद आणि कमजोरीही वेगळी. दोघांनी एकच रेस घेतली की त्या लढतीला 'मिरर' म्हणतात. आरसा. माझ्याकडे जे आहे तेच तुझ्याकडे.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण 'लॉटरी' हा शब्द डोक्यात राहिला. कारण आपल्या इतिहासात आरशातल्या डावावरच काही माणसांनी उभं आयुष्य घालवलं आणि त्यावर ग्रंथ लिहिले. तो डाव म्हणजे शतरंज. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरे, तेच घोडे, तीच प्यादी. हरलात तर फौजेला दोष देता येत नाही.

शतरंज हिंदुस्थानातून इराणात गेली, तिथे चतुरंगाचं चतरंग झालं आणि इस्लाम इराणात पोहोचल्यावर अरबांनी तिला शतरंज केलं. आजच्या बुद्धिबळापेक्षा तो खेळ फार संथ होता. आज पटावर थैमान घालणारा वजीर तेव्हा फक्त एक घर तिरका सरकायचा. त्याला फर्ज किंवा फर्जान म्हणत. आजच्या उंटाच्या जागी फील, म्हणजे हत्ती असायचा. तो दोन घरं तिरकी उडी मारायचा, त्यामुळे चौसष्टपैकी फक्त आठ घरांवर त्याला कधी पाय ठेवता यायचा. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे. समोरच्याचा शाह एकटा उरला तरी डाव जिंकता यायचा.

अशा संथ खेळात दोन्ही फौजा एकमेकींना भिडेपर्यंत बराच वेळ जायचा. मग खेळाडूंनी काय केलं? सुरुवातीच्या डझनभर किंवा त्याहूनही जास्त चाली आधीच ठरवून ठेवल्या. समोरचा काय करतोय याची फारशी पर्वा न करता आपली फौज एका ठरलेल्या रचनेत उभी करायची. या रचनेला ते 'तअबिया' म्हणत. मूळ अर्थ लढाईसाठी फौज मांडणं. प्रत्येक तअबियाला नाव होतं. एक 'मुजन्नह', म्हणजे पंखवाली. एक 'मशाइखी', शेखांची. एक 'सय्याला', वाहत्या लोंढ्यासारखी.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा वळून बसला. "मामू, हे तर बिल्ड ऑर्डर झालं." त्याच्या खेळातही पहिली काही मिनिटं पाठ केलेली असतात. कितवा कामगार झाल्यावर कोणती इमारत बांधायची, हे ठरलेलं. हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन खेळांत माणसाचं डोकं एकाच रस्त्यानं गेलं. सारख्या फौजा दिल्या की माणूस आधी सुरुवात पाठ करतो.

पण पाठांतरानं डाव सुटत नाही, हेही बगदादमध्येच कळलं.

खलिफा मामूनच्या दरबारात जाबिर अल-कूफी, रबरब आणि अबुन्नअम असे तीन नामवंत खेळाडू होते. मामूनला खेळाची हौस मोठी, पण हात बेताचा. एवढी मोठी सल्तनत चालवणाऱ्या मला हा दोन हातांचा चौकोन आवरत नाही, याचं त्याला नवल वाटायचं, असं सांगतात. सल्तनतीच्या कारभारात वजीर, काझी, सरदार असतात, चूक कुणाच्या तरी खात्यावर मांडता येते. पटावर तसं कुणी नसतं.

त्यानंतरचं मोठं नाव अल-अदली. शतरंजवर पहिला ग्रंथ यानं लिहिला, असं इब्न नदीमनं आपल्या 'फिहरिस्त'मध्ये नोंदवलंय. अल-अदली आपल्या काळचा अव्वल खेळाडू. खलिफा मुतवक्किलच्या काळात, म्हणजे इ.स. ८४७ ते ८६१ च्या दरम्यान, खुद्द खलिफासमोर त्याचा डाव अर-राझीशी झाला (हा राझी वेगळा, प्रसिद्ध हकीम नव्हे). अल-अदली हरला. पुढे राझीनंही शतरंजवर ग्रंथ लिहिला.

सुमारे अर्ध्या शतकानंतर खलिफा मुक्तफीच्या दरबारात हीच गोष्ट पुन्हा घडली. तिथला लाडका खेळाडू अल-मावर्दी. त्याच्यासमोर नवा माणूस आला, अबू बक्र अस-सूली. इतिहासकार मसऊदी सांगतो, की डाव सुरू असताना खलिफा उघडपणे मावर्दीची बाजू घेत होता, त्याला हुरूप देत होता. सूली आधी थोडा गोंधळला, मग सावरला, आणि त्यानं असा डाव टाकला की मावर्दीकडे उत्तरच उरलं नाही. मावर्दी म्हणजे गुलाबपाणीवाला. खलिफानं त्याच्या नावावरच एक बोचरी कोटी केली, जी मी इथे सांगत नाही, आणि त्याची मर्जी तिथल्या तिथे फिरली.

ही गोष्ट मुलांना सांगितली की ती खूश होतात, कारण त्यांना उलथापालथ आवडते. मला मात्र त्यानंतर सूलीनं जे केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. दरबारात अव्वल ठरल्यावर तो आरामात बसला नाही. त्यानं जुन्या उस्तादांचा अभ्यास केला. अल-अदलीच्या ग्रंथावर कडक टीका केली, कोणता डाव कुठे चुकतो ते दाखवलं. तअबियांबद्दल लिहिलं. आणि डावाच्या शेवटच्या टप्प्यातली कोडी रचली, जमवली. एक कोडं त्यानं असं मांडलं, की ते आपण शिकवल्याशिवाय कुणाला सुटणार नाही, असा त्याचा दावा होता. आज ते 'सूलीचा हिरा' म्हणून ओळखलं जातं. पटावर दोन शाह आणि दोन फर्ज, बस. दोन्हीकडे सारखं. त्याचं पूर्ण उत्तर मांडलं ते सोव्हिएत ग्रँडमास्टर युरी आव्हरबाखनं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे हजारएक वर्षांनी.

या कोड्यांना अरबीत 'मन्सूबा' म्हणतात. मन्सूबा म्हणजे मांडून ठेवलेलं. मोहरे विशिष्ट जागी मांडायचे आणि तिथून वाट शोधायची. हाच शब्द फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही रुजला : मनसुबा. आपण सहज म्हणतो, "काय मनसुबा आहे तुझा?" शतरंजच्या पटावरचा शब्द बोलतोय हे आपल्याला माहीत नसतं. शह देणं, मात करणं, काटशह, बाजी मारणं, हे सगळं त्याच वाटेचं. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवताना मला असे शब्द भेटले की बरं वाटतं. या शब्दांना कुणी तुमचे-आमचे विचारत नाही.

सूलीचा एक शागीर्द होता, अल-लजलाज. नावाचा अर्थ तोतरा. बोलताना अडखळणाऱ्या या माणसानं डावांच्या सुरुवातीचं असं सलग विश्लेषण लिहिलं, की एका तअबियातून फाटे कसे फुटतात आणि समोरच्यानं अमुक केलं तर आपण तमुक का करायचं, ते पायरी-पायरीनं कळतं. तो इ.स. ९७० च्या सुमारास शिराझमध्ये वारला. पाठ केलेल्या सुरुवातीला त्यानं कारणं जोडली. पाठांतर आणि समज यांतला फरक इतका स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला बीएडच्या कुठल्याही पुस्तकात भेटलं नाही.

अल-अदलीचा मूळ ग्रंथ आज नाही. पण त्याची कोडी हरवली नाहीत, कारण नंतरच्या लोकांनी ती सूलीच्या कोड्यांबरोबर उतरवून ठेवली. इस्तंबूलमध्ये इ.स. ११४० ची अशी एक नक्कल आहे. हरलेल्याचं आणि ज्यानं त्याच्या चुका काढल्या त्याचं काम एकाच जिल्दीत शेजारी-शेजारी बसलंय. ही हस्तलिखितं समजून घेण्यासाठी एच. जे. आर. मरे नावाचा एक इंग्रज अरबी शिकला आणि १९१३ साली त्यानं बुद्धिबळाचा मोठा इतिहास छापला. तो पेशानं शाळा तपासनीस होता. आमच्या तपासण्या आठवून मला हसू आलं.

आता पुन्हा भाच्याकडे येतो. त्याचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. झर्ग विरुद्ध झर्ग लढतीत सुरुवात दगड-कागद-कात्रीसारखी असते. लवकर फौज काढणारा, दुसरं घर आधी बांधणाऱ्याला गाठतो. दुसरं घर आधी बांधणारा, मधली वाट धरणाऱ्याच्या पुढे जातो. आणि मधली वाट धरणारा, लवकर हल्ला करणाऱ्याला थोपवून नंतर मागे टाकतो. समोरच्यानं काय निवडलंय हे दिसण्याआधी आपल्याला निवडावं लागतं. म्हणून कोरियात, जिथे हा खेळ टीव्हीवर दाखवला जायचा आणि खेळाडूंना पगार मिळायचा, तिथेही बरेच लोक या लढतीला नशिबाचा खेळ म्हणायचे.

मग ली जे-डोंग आला. तो झर्गच खेळायचा आणि झर्गविरुद्धच त्याला हरवणं सर्वांत अवघड होतं. २००९ साली तिथल्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत झर्ग विरुद्ध झर्ग झाली आणि त्यानं ती एकही डाव न गमावता जिंकली. नशिबाचाच खेळ असता तर एकच माणूस पुन्हा-पुन्हा कसा जिंकला असता? सुरुवातीची निवड चुकली तरी पुढच्या दोन मिनिटांत तो ती भरून काढायचा. हवेतल्या म्युटालिस्कची झुंज हाताळतानाही त्याचं घराकडचं उत्पादन थांबायचं नाही. आरशात दोघांकडे सारखंच असतं, त्यामुळे एका कामगाराचा फरक, चार सेकंदांचा उशीर, एवढ्यावर डाव फिरतो.

२००१ साली या खेळात एक सोय आली, रिप्ले. खेळलेला डाव जसाच्या तसा पुन्हा पाहता येतो. म्हणजे प्रत्येकाच्या हाती आपोआप लिहिला जाणारा मन्सूबा आला. मी भाच्याला विचारलं, "तू हरलेले डाव पाहतोस?" तो म्हणाला, "जिंकलेले पाहतो."

त्या रात्री आम्ही दोघांनी त्याचे हरलेले दहा डाव पाहिले. मला खेळ कळत नव्हता, म्हणून मी फक्त मोजत होतो : पहिल्या चकमकीच्या आधी दोघांचे कामगार किती आणि चकमक संपल्यावर किती. दहापैकी तीन डावांत त्याची सुरुवात खरंच चुकीची पडली होती. उरलेल्या सात डावांत सुरुवात बरोबरीची होती. चकमक सुरू झाली की तो तिच्याकडे बघत राहायचा आणि घरी अळ्या तशाच पडून राहायच्या. समोरचा लढतही होता आणि पैदासही चालू ठेवत होता. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सात तर माझेच आहेत."

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर कुणी म्हणेल सर उपदेश करायला लागले. आयुष्य हा मिरर नाही. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलाला आणि शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला सारखे मोहरे मिळत नाहीत, आणि "मेहनत कर, सगळं मिळेल" असं त्याला सांगणं ही फसवणूक आहे. अन्याय असतो, तो मोजायला आणि बोलून दाखवायला हवा. पण म्हणूनच आरशातला डाव मोलाचा वाटतो. जिथे फौजा खरोखर सारख्या आहेत अशी एखादी तरी जागा हवी. तिथे आपलं किती चुकतं हे कळलं, की बाहेर आपल्यावर किती अन्याय होतो हेही नेमकं सांगता येतं. तीन आणि सात वेगळे करता येतात.

बहिणीचा प्रश्न मात्र वेगळा होता : हे सगळं जायज आहे का? शतरंजवर हा वाद फार जुना आहे. हनफी आणि मालिकी फकीहांनी विरोध केला. शाफई मसलकात जुगार नसेल, नमाज चुकत नसेल आणि तोंडात शिवीगाळ नसेल तर सूट आहे, तरी फार पसंती नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई, घाटावर हनफी जास्त, म्हणून एकाच लग्नाच्या मांडवात यावर दोन मतं निघतात. ताबिईंपैकी सईद बिन जुबैर पटाकडे पाठ करून शतरंज खेळायचे, अशीही रिवायत सांगतात. मी मुफ्ती नाही. बहिणीला एवढंच म्हणालो, की त्या तीन अटी लिहून त्याच्या टेबलावर लाव. तिनं लावल्या. माऊस आपटणं ही चौथी अट तिनं स्वतःच्या मनानं जोडली.

बकरी ईदला पुन्हा गेलो. भाचा अजूनही हरतो, पण आता 'लॉटरी' म्हणत नाही. त्यानं मला आग्रहानं खेळायला बसवलं. दोघांनीही झर्ग घेतले. चार मिनिटांत माझं घर साफ झालं आणि मी लगेच म्हणालो, "अरे, मला बटणंच सापडली नाहीत."

तो हसला आणि रिप्ले लावत म्हणाला, "बसा मामू. कुठं चुकलं ते बघू."