न टेकलेले पाऊल

बेसबॉल आपल्याकडे क्रिकेटसारखा गल्लीबोळात पोहोचला नाही. तरी अमेरिकेतल्या या खेळाचा एक सामना शिक्षक म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. हा काही अंतिम सामना नव्हता, मोसमातला एक साधा सामना. पण त्या वर्षी नॅशनल लीगचे विजेतेपद जायंट्स, कब्ज आणि पिट्सबर्ग यांच्यात अगदी घासून चालले होते.

जायंट्सच्या फ्रेड टेनीची पाठ धरली होती. म्हणून पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल या एकोणीस वर्षांच्या पोराला उभे केले. शेवटचा म्हणजे नववा डाव, बरोबरी १-१, जायंट्सचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू मैदानाच्या मध्यभागी मारला, मॅककॉर्मिकने धाव पूर्ण केली आणि जायंट्स जिंकले म्हणून लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसकडे निघाला होता. गर्दी पाहून तो अर्ध्या वाटेतून वळला आणि खेळाडूंच्या खोलीकडे पळाला.

नियम असा की, फटका मारणारा पहिल्या बेसकडे धावला की तिथल्या गड्याने दुसरा बेस गाठलाच पाहिजे. त्याच्याआधी चेंडू हातात घेऊन कुणी तो बेस शिवला तर गडी बाद. तो तिसरा बाद असेल तर धावही रद्द. पण असा शेवटचा फटका बसल्यावर तो बेस शिवायला कोण जातो? रिवाज उलटाच होता.

कब्जचा जॉनी एव्हर्स मात्र नियमाचे पुस्तक पाठ असलेला माणूस. तो चेंडू मागू लागला. जायंट्सच्या मॅकगिनिटीने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला म्हणतात. मग एव्हर्सने बेस शिवला तो त्याच चेंडूने की दुसऱ्याच, यावर आजही एकमत नाही. पंच हँक ओ'डे यांनी मर्कलला बाद दिले. मैदान गर्दीने भरलेले, अंधार पडत आलेला. सामना बरोबरीत सुटला.

मला यातली खरी गोष्ट एकोणीस दिवस आधीची वाटते. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये हाच प्रकार घडला होता. एव्हर्सने तेव्हाही दाद मागितली, पंच तेव्हाही ओ'डेच होते. पण त्यांनी तो गडी पाहिला नव्हता, म्हणून त्याला बाद दिले नाही. न पाहिलेल्या गोष्टीची गवाही द्यायची नाही, हा इन्साफाचा पहिला धडा. पुढच्या वेळी त्यांनी नजर ठेवली, आणि हजारो लोक समोर असताना पाहिले तेच सांगितले. त्यांचा निकाल मला बरोबर वाटतो. कसूर माझ्या मते संघातल्या वडीलधाऱ्यांची: पिट्सबर्गची तक्रार झाली होती, पोराला कुणीतरी बजावायचे होते.

लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी निकाल कायम ठेवला. मोसम संपला तेव्हा जायंट्स आणि कब्ज बरोबरीत होते. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा झाला, कब्जने तो ४-२ असा जिंकला आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. पुलियम यांनी जुलै १९०९ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचा संबंध थेट या सामन्याशी जोडणे मला धाडसाचे वाटते.

मर्कलला 'बोनहेड', म्हणजे मठ्ठ, हे नाव चिकटले. पाढा चुकलेल्या मुलाला वर्गात असेच एखादे नाव पडते आणि सातवीपर्यंत ते हजेरीच्या नावापुढे धावते. हे मी पाहिले आहे. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी मात्र त्याला दोष दिला नाही, संघात ठेवले. १९२६ पर्यंत तो मोठ्या लीगमध्ये दिसला. खेळ सोडल्यावर त्याने त्या जगाकडे जवळजवळ पाठच फिरवली.

१९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या सामन्यासाठी तो पुन्हा पोलो ग्राउंड्सवर आला. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता.