एका तारेवरचे दोन प्रवासी

मंडळी, ऊर्जानगरात टेलिफोनच्या तारेचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात विजेच्या तारेपासूनच करू. आपल्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. अशा केंद्रातून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांवरून नुसती वीज जात नाही. ५० हर्ट्झची वीज असतेच, पण त्याच तारेवरून कित्येक किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात उपकेंद्रांमधलं बोलणं आणि संदेशही जातात. याला पीएलसीसी म्हणतात. स्विचयार्डात तारेला टांगलेलं पिंपासारखं वेव्ह ट्रॅप आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. ते वीज जाऊ देतं, संदेशाच्या लहरी अडवतं. एका तारेवर दोन प्रवासी, आणि कुणाचा कुणाला धक्का नाही.

घरच्या टेलिफोनला ही युक्ती बरीच उशिरा मिळाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते डायल-अप. सेवा आधी महानगरांत आली. बाहेरगावाहून जोडायचं तर एसटीडीचं बिल. मोडेम बिचारा माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात, म्हणजे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये किंचाळायचा. त्यामुळे नेट चालू असलं की फोन बंद. पुढे मोडेमने ५६ केबीपीएसपर्यंत मजल मारली, पण प्रवासी एकच राहिला.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं आणि तारेची वाटणी झाली. एडीएसएलने साधारण २५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग घेतला, खालचा भाग जुन्या फोनला सोडला. भिंतीवर स्प्लिटर नावाची छोटी डबी आली. म्हटलं तर ते घरगुती वेव्ह ट्रॅपच! खालच्या बाजूला डायलचा फोन, फॅक्स, अगदी जुना मोडेमसुद्धा पूर्वीसारखा चालायचा. अट एवढीच, की घरातल्या प्रत्येक जुन्या यंत्राकडे जाणारी तार फिल्टरमधून गेली पाहिजे. आतल्या खोलीतला एक जादा फोन विसरला, की फोनवर खरखर आणि नेट सारखं तुटणार. लोक मात्र लाइनमनला बोल लावायचे.

आमच्या मते नव्याजुन्याचा एवढा शहाणा संसार पुन्हा झाला नाही. कारण पुढे फायबर आलं, आणि त्यात तारच गेली.

काच वीज वाहून नेत नाही, इथे सगळी गोम आहे. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून सुमारे ४८ व्होल्ट यायचे. म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. वीज गेली, की फोन मुका. वीज तयार करणाऱ्या गावात हे कुणाला हसण्यासारखं वाटेल. पण रात्री छातीत दुखायला लागलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला ते विचारून पाहा. डब्याला छोटा यूपीएस जोडणं ही चैन नव्हे.

आता जुन्या यंत्रांचं काय? डब्याच्या मागे फोनचं एक भोक असतं, ते वापरता येतं. डायलचा फोन आकड्यांइतक्या वेळा तार क्षणभर तोडतो, शून्याला दहा वेळा. बरेच डबे ही टकटक ओळखत नाहीत, त्यांना बटणाच्या फोनचे सूरच लागतात. टकटकीचे सूर करून देणारं छोटं यंत्र मिळतं. ते मध्ये जोडलं की झालं. जोडलं नाही तरी आलेला फोन घेता येतो.

मोडेमची कथा जास्त अवघड. नव्या जोडणीत आवाजाचे तुकडे होऊन जातात, काही वेळा दाबूनही जातात. एखादा तुकडा हरवला तर माणसाचा कान चालवून घेतो, मोडेम घेत नाही. म्हणून सेवा देणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: आवाज न दाबता, म्हणजे जी.७११ पद्धतीने जातो का, आणि फॅक्ससाठी टी.३८ आहे का. फॅक्सचा वेग ९६०० वर उतरवला, तर कागद बहुधा पोचतो. मोडेमलाही असाच कमी वेग बांधून द्यावा. ५६ केबीपीएसचा हट्ट इथे धरू नये.

आणि हे सगळं करून पाहायचं ते तांब्याची जोडी परत करण्याआधी. एकदा जोडी तोडली, की ती पुन्हा ओढून द्यायला कुणी फारसं उत्सुक नसतं.