मैदागिन ते कँट: वीस रुपयांचा पूर्वपक्ष

काशीत कुणाचं मत खोडायचं तर आधी ते त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडावं लागतं; तो पूर्वपक्ष. तसंच करू. ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणून ती मैदागिनच्या बाजूला उभी करणारा आमच्यातला कोणीही मराठी गृहस्थ म्हणेल, "गाडी वीसचं ॲव्हरेज देते. हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल शंभर रुपये धरा. किलोमीटरला पाच रुपये पडले. कँट स्टेशन चार किलोमीटर, म्हणजे वीस रुपये. एवढ्यासाठी टोटोत, म्हणजे ई-रिक्षात, कशाला कोंबून घ्यायचं?"

भागाकार चोख आहे. बिघडलाय तो हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार. नैयायिक ज्याला 'असिद्ध' म्हणतात, तसा. वीस हा आकडा मैदागिनच्या रस्त्यावर सिद्ध झालेलाच नाही.

तो सिद्ध होतो प्रयोगशाळेत. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि सुमारे वीस मिनिटांत अकराएक किलोमीटर ठरावीक क्रमाने चालवतात, तेही एसी बंद ठेवून. त्या चाचणीत थांबेही असतात, हे कबूल. पण तिचा सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास येतो. मैदागिनहून कबीरचौरा, लहुराबीर करत कँट गाठायला पस्तीस मिनिटं लागली, तर तुमचा वेग ताशी सात किलोमीटर. त्यापेक्षा दुर्गाघाटावरून उतरणारी म्हैस फार मागे नसते.

आता त्या पस्तीसपैकी पंधरा मिनिटं गाडी जागेवर उभी होती असं धरा. एसी चालू असलेली लहान पेट्रोल गाडी उभ्या उभ्या तासाला साधारण एक लिटर जाळते. म्हणजे मिनिटाला एक रुपया सदुसष्ट पैसे, आणि पंधरा मिनिटांचे पंचवीस रुपये. गाडी एक इंचही पुढे न सरकता पूर्वपक्षाचे वीस रुपये इथेच संपले. उरलेल्या वेळात पहिला-दुसरा गिअर, ब्रेक, परत पहिला गिअर, शिवाय इंजिन अजून थंडच. चौदाचं ॲव्हरेज मिळालं तरी नशीब, किलोमीटरला ढोबळ सात रुपये धरून त्याचे अठ्ठावीस. एकूण त्रेपन्न रुपये. खरं ॲव्हरेज साडेसात.

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं: "हे सगळं इथेनॉलमुळे." इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, हे खरंच आहे. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी, वीस टक्के मिश्रणाने होणारी घट सहा-सात टक्के धरली होती. वीसवरून साडेसातवर येणं म्हणजे साठ टक्क्यांहून मोठी घसरण. ती लहुराबीरच्या चौकातच शोधावी लागते.

जाणकार शंका काढेल: "मी टाकी फुल ते फुल मोजतो. त्यात जाम, एसी, सगळं आपोआप येतं." येतं, आणि महिन्याच्या एकूण खर्चाला ही रीत उत्तम. पण एकेका फेरीचा खर्च ती सांगू शकत नाही. समजा महिन्यात बाबतपूर विमानतळाच्या फेऱ्यांत दोनशे किलोमीटर अठराच्या ॲव्हरेजने झाले आणि कँटच्या फेऱ्यांत दोनशे किलोमीटर साडेसातच्या. दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं तर पावणेतेरा येतं. टाकी मात्र साडेदहाच सांगते, कारण अकरा लिटर एकीकडे जळलं आणि जवळजवळ सत्तावीस दुसरीकडे. टाकीचा आकडा बरोबर आहे, पण तो कँटचं पाप बाबतपूरच्या माथी मारतो.

बेरीज करून निम्मं का चुकतं, ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक शिकलेल्याला सांगावं लागत नाही. ॲव्हरेज वाढतं तसं लागणारं पेट्रोल घटतं, म्हणून इथे लिटर जोडायचे, ॲव्हरेज नव्हे. महाराष्ट्रीय घराण्यातले बापूदेव शास्त्री एकोणिसाव्या शतकात इथल्याच संस्कृत कॉलेजात गणित शिकवत होते. आपण निदान एवढ्यात तरी गफलत करू नये. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, ते याच कारणाने सोयीचं पडतं.

आता मंडन, म्हणजे आपली बाजू. रोजच्या फेरीला दोन दर लावा: चालत्या किलोमीटरला गर्दीत सात रुपये, मोकळ्या रस्त्यावर साडेपाच, आणि उभ्या मिनिटाला एक रुपया सदुसष्ट पैसे. बाबतपूरला या हिशेबाने पूर्वपक्ष बव्हंशी खरा ठरतो, आणि तिथे गाडी जरूर न्या. कँटसाठी एकटेच जाणार असाल तर टोटोशी तुलना वीस रुपयांची करू नका, त्रेपन्नची करा. त्यात टायर, सर्व्हिसिंग, पार्किंग मी धरलेलं नाही.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पंधरा दिवस डॅशबोर्डवर एक वही ठेवावी आणि प्रत्येक फेरीत गाडी किती मिनिटं उभी राहिली तेवढंच लिहावं. मग वाद घालायला ब्रह्माघाटावर यावं. चहा माझा.