करसवलत आणि परवडणारे घर : इतवारीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्वातंत्र्यपूर्व काळापासून नागपुरातील निवाऱ्याचा प्रश्न प्रामुख्याने नगररचनेचा प्रश्न म्हणून हाताळला गेला. पॅट्रिक गेडेस यांचा नागपूरविषयक अहवाल 1917 चा असून नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा 1936 मध्ये झाला. रस्ते रुंद करणे, दाटी कमी करणे आणि नवे भूखंड पाडणे ही प्रन्यासाची कार्यपद्धती होती. शतकाच्या अखेरीस मात्र राज्यसंस्थेने वेगळे साधन हाती घेतले. ते म्हणजे आयकरातील सूट. या साधनाचा इतवारीसारख्या जुन्या वस्तीशी कोणता संबंध आला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इतवारीतील पारंपरिक घर हे निव्वळ निवासस्थान नव्हे. खाली दुकान वा कारखाना, वर मालकाचे बिऱ्हाड, मागील खोल्यांत भाडेकरू, अशी त्याची घडण. हमाल, दुकानातील नोकर, सराफ्यातील कारागीर यांना कामाच्या ठिकाणाजवळ राहणे अशा खोल्यांमुळे शक्य झाले. विदर्भात भाड्याचे नियमन 1949 च्या मध्यप्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशान्वये होत असे. त्याची जागा 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 ने घेतली.

आयकर अधिनियमातील कलम 80-आयबी(10) अन्वये गृहप्रकल्पाच्या नफ्यास शंभर टक्के वजावट मिळू लागली. भूखंड किमान एक एकराचा असावा आणि दिल्ली-मुंबई परिसर वगळता सदनिका 1500 चौरस फुटांपेक्षा मोठी नसावी, या त्यातील प्रमुख अटी होत. मार्च 2008 पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांनाच हा लाभ होता. पुढे 2016 च्या वित्त अधिनियमाने कलम 80-आयबीए आणले. त्यात महानगरांबाहेर भूखंडाची मर्यादा 2000 चौरस मीटर, तर सदनिकेची 60 चौरस मीटर ठरली. सप्टेंबर 2019 पासून मंजूर होणाऱ्या प्रकल्पांसाठी ती 90 चौरस मीटर झाली व 45 लाख रुपयांची मूल्यमर्यादा जोडली गेली.

भूखंडाच्या अटीकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. इतवारीच्या बोळांत एक एकर तर सोडाच, अर्धा एकर सलग मोकळी जमीनही दुर्मिळ. साहजिकच अशा सवलतीचा ओढा बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा अशा विस्तारणाऱ्या उपनगरी पट्ट्याकडे राहणार होता. दुसरी अट दुकानांची. 2005 पासून कलम 80-आयबी(10) मध्ये, आणि नंतर 80-आयबीए मध्येही, व्यापारी जागेचे प्रमाण मर्यादित केले गेले. ही मर्यादा पूर्वी मंजूर झालेल्या प्रकल्पांना लावता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने सरकार बिल्डर्स प्रकरणी 2015 मध्ये दिला. वादाचा निकाल लागला. पण दुकान आणि घर एकत्र नांदणारी इतवारीची रीत कायद्याच्या आदर्श घरात बसत नव्हती ती नव्हतीच.

अमेरिकेतील 1986 च्या करसुधारणा कायद्याने सुरू केलेली व्यवस्था येथे तुलनेस उपयुक्त ठरते. तेथे करातील सूट भाड्याच्या घरांसाठी आहे. रहिवाशाचे उत्पन्न आणि त्याच्याकडून घ्यावयाचे भाडे, दोहोंवर मर्यादा आहे व ती दीर्घकाळ पाळावी लागते. भारतीय तरतुदींनी घर मोजले, घरात राहणारा मोजला नाही. एका कुटुंबास एकाच प्रकल्पात दुसरी सदनिका देऊ नये, एवढे बंधन घातले गेले; परंतु खरेदीदाराच्या उत्पन्नाची अट नव्हती. उत्पन्नाचा निकष 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत आला, तोही प्राधान्याने मालकीच्या घरासाठी. इतवारीत पाठीवर पोती वाहणाऱ्यास कर्जाचा हप्ता आणि उपनगरातून रोजचे येणे-जाणे, दोन्ही भार एकदम पेलणे कितपत शक्य होते, हा प्रश्न या मांडणीत उपस्थितच झाला नाही.

भाड्याच्या गृहप्रकल्पांचा समावेश कलम 80-आयबीए मध्ये 2021 च्या वित्त अधिनियमाने केला. त्या कलमाखालील मंजुरीची मुदत 31 मार्च 2022 रोजी संपली.