स्वामी दयानंद आणि लोकभाषेचे सामर्थ्य

गुजरातमधील टंकारा येथे १८२४ मध्ये जन्मलेले स्वामी दयानंद सरस्वती प्रारंभी संस्कृतातूनच व्याख्याने देत. सामान्य श्रोता त्यामुळे दूरच राही. कोलकात्यात केशवचंद्र सेन यांनी हिंदीचा आग्रह धरला आणि गुजराती मातृभाषेच्या या संन्याशाने तो मानला. १८७५ मध्ये ‘सत्यार्थप्रकाश’ हिंदीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबईत आर्यसमाज स्थापन झाला. पुण्यातील व्याख्यानांना महादेव गोविंद रानडे यांनी पाठबळ दिले. सनातन्यांचा विरोध असता मिरवणुकीत जोतीराव फुले सोबत चालले. अन्य पंथांवरील कठोर टीकेमुळे वादही उद्भवले. तथापि, स्त्रीशूद्रांनाही वेदाधिकार आहे, हा विचार लोकभाषेतूनच प्रांतोप्रांती पोहोचला. ज्ञानाची दारे सर्वांना खुली होणे, हाच राष्ट्रीय एकात्मतेचा पाया होय.