अंधारातलं एक मिनिट

कादंबरीचं नाटक होणं आपल्या सवयीचं आहे. अगाथा ख्रिस्तीनं ते स्वतः अनेकदा केलं, आणि करताना ती निर्दय असे. 'द हॉलो'चं नाटक करताना तिनं पॉयरोला सरळ काढून टाकलं. हा गृहस्थ रंगमंचावर आला की बाकीच्यांकडे कुणी बघत नाही, असं तिचं मत.

आज बोलायचं आहे ते उलट्या प्रवासाबद्दल. 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'वर मायकेल मॉर्टननं 1928 मध्ये 'अलिबाय' हे नाटक बेतलं. बाईंना ते रुचलं नाही. मग त्यांनी पॉयरोला घेऊन स्वतंत्र नाटक लिहिलं, 'ब्लॅक कॉफी'. ते डिसेंबर 1930 मध्ये लंडनच्या एम्बसी थिएटरात आलं. त्याची कादंबरी झाली थेट 1998 मध्ये, ख्रिस्ती गेल्यावर बावीस वर्षांनी. ती केली चार्ल्स ऑस्बोर्ननं. हा ऑपेराचा जाणकार आणि ख्रिस्तीचा अभ्यासक. शिवाय तरुणपणी त्यानं याच नाटकात डॉ. कॅरेलीचं काम केलं होतं. म्हणजे नाटक आतून पाहिलेला माणूस.

आता नाटकातली ती जागा बघा. सर क्लॉड ॲमोरी या शास्त्रज्ञाचं स्फोटकाचं सूत्र चोरीला गेलंय. तो घरातल्यांना ग्रंथालयात कोंडतो आणि म्हणतो, एक मिनिट दिवे जातील, चोरानं कागद मुकाट्यानं टेबलावर ठेवावा. अंधार होतो. काही आवाज येतात. दिवे लागतात तेव्हा सर क्लॉड खुर्चीत मेलेला असतो. (खुनी कोण ते सांगत नाही, घाबरू नका.)

नाट्यगृहात प्रेक्षकही त्याच अंधारात बसलेला असतो. आवाज त्याच्या कानावर पडतात. कोणता लक्षात ठेवायचा, हे त्याचं त्यानं ठरवायचं. आपल्या नैयायिकांच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण. पुस्तकात मात्र आवाजाला नाव द्यावं लागतं, आणि नाव दिलं की तो पुरावा झाला! वाचक लगेच कान टवकारतो. इथे सगळं शब्दप्रमाणावर चालतं, आणि निवेदक हा आप्त. आप्तच खोटं बोलला तर वाचकानं जायचं कुठे? 'ॲक्रॉइड'चं सगळं मर्म निवेदकात होतं. रंगमंचावर निवेदकच नसतो, मग 'अलिबाय'मध्ये उरणार काय?

ऑस्बोर्ननं सुरुवातीला पॉयरोची न्याहारी जोडली, बाकी संवाद जवळजवळ तसेच ठेवले. रंगसूचना भूतकाळी वाक्यं होऊन आल्या. माणसं ग्रंथालयात येतात, जातात, पुन्हा येतात. पुस्तकात ते जरा हास्यास्पदच वाटतं. टीकाकारांनी याला आळस म्हटलं. मीही म्हणत असे. पण विचार करा, सगळ्यांच्या मनात शिरायचं तर खुन्याच्याही शिरावं लागणार. एकट्याला वगळलं तर तिथेच बिंग फुटलं. बाहेर उभं राहणं हा त्यातला प्रामाणिक मार्ग होता. माझी तक्रार आता एवढीच उरलीय, की ते अंधारातलं मिनिट तरी त्यानं कादंबरीकारासारखं लिहायला हवं होतं. तिथे तो फक्त नाटक उतरवून घेतो.

पुढे त्यानं 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट' आणि 'स्पायडर्स वेब' यांच्याही कादंबऱ्या केल्या, 1999 आणि 2000 मध्ये. 'द माउसट्रॅप'ला हात लावला नाही. तिथे बाईंची अटच होती, की नाटक चालू आहे तोवर मूळ कथा ब्रिटनमध्ये पुस्तकरूपानं छापायची नाही. नाटक 1952 पासून चालू आहे. मध्ये कोरोनात थांबलं, तेवढंच.