टीबीचा जंतू ‘बॅटरी सेव्हर’वर जातो तेव्हा

फोनची बॅटरी संपत आली की बॅटरी सेव्हर ऑन होतो. बॅकग्राउंडचे ॲप, सिंक, ब्राइटनेस, सगळं एकदम खाली येतं. फोन बंद पडत नाही, फक्त मंद चालतो. टीबीचा (क्षयरोगाचा) जंतूही संकटात असंच काहीसं करतो. टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

मी जालन्याचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बायोलॉजी दहावीनंतर सुटली. पण ‘आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ हे आमच्याकडे इतक्यांदा ऐकलंय की उत्तर शोधत मी थेट जनुकांपर्यंत पोचलो.

जनुकांचं नेटवर्क म्हणजे काय?

टीबीच्या जंतूत साधारण ४,००० जनुकं आहेत. त्याचा पूर्ण जनुकीय कोड १९९८ साली वाचला गेला. प्रत्येक जनुक म्हणजे एक फंक्शन समजा. सगळी फंक्शन्स एकाच वेळी चालत नाहीत. कोणतं कधी चालवायचं हे काही मोजकी ‘कंट्रोलर’ जनुकं ठरवतात. एक कंट्रोलर अनेक जनुकं चालू करतो, त्यातली काही पुढे आणखी काहींना चालवतात. हे झालं नेटवर्क.

बटन कोण दाबतं?

फुफ्फुसात शिरलेल्या जंतूला आपल्या पेशी घेरतात आणि तिथे गाठ तयार होते. गाठीत ऑक्सिजन कमी पडतो. शिवाय आपल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. जंतूतली डॉसएस आणि डॉसटी ही दोन प्रथिनं हे ओळखतात. ती झाली सेन्सर. ती डॉसआर नावाच्या तिसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण देतात, म्हणजे नोटिफिकेशनच. मग डॉसआर डीएनएवर ठरलेल्या जागी बसतो आणि जवळपास ५० जनुकं चालू करतो.

आता जंतू वाढणं जवळजवळ थांबवतो, चरबी साठवतो आणि कमी ऑक्सिजनवर तग धरतो. परिस्थिती सुधारली की पुन्हा जागा होतो. उपासमार आणि आम्ल यांच्यासाठी त्याच्याकडे वेगळी नेटवर्क्स आहेत.

यात भारताचाही वाटा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जया त्यागी यांच्या गटाने हेच जनुक ‘डेव्हआर’ या नावाने शोधलं होतं. त्यावरचं त्यांचं सुरुवातीचं काम १९९३ सालचं आहे.

मग गोळ्यांचं काय होतं?

आयसोनियाझिड हे औषध जंतूला नवी भिंत बांधू देत नाही. पण जो जंतू भिंत बांधतच नाहीये, त्याचं ते फारसं काय बिघडवणार? नेहमीच्या टीबीत पहिले दोन महिने चार औषधं असतात. त्यात वेगाने वाढणारे बहुतेक जंतू मरतात. खोकला कमी होतो, वजन वाढतं आणि नेमकं इथेच लोक गोळ्या सोडतात. पुढचे चार महिने मागे राहिलेल्या सुस्त जंतूंसाठी असतात.

सेटिंग की सोर्स कोड?

झोपलेला जंतू औषध सहन करतो, पण त्याचा कोड तोच असतो. बदललेली असते ती सेटिंग. अर्धवट उपचारात मात्र उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि कोडमध्ये बदल झालेले जंतू त्यातून निवडले जाऊ शकतात. त्या बदलावर ते औषध नंतर चालत नाही. यालाच ड्रग रेझिस्टन्स म्हणतात. सीबीनॅट तपासणी रिफाम्पिसिन या औषधाबाबत असा बदल साधारण दोन तासांत पकडते.

हा धोका कुठवर जातो हे मुंबईने पाहिलंय. २०११ च्या शेवटी हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. चुकीच्या आणि अर्धवट औषधोपचाराकडे त्यांनी बोट दाखवलं.

ऊसतोडीला जाताना काय करायचं?

जालना जिल्ह्यातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कित्येक महिने बाहेर असतात. कोर्स नेमका याच काळात तुटू शकतो. त्यासाठी एवढं करा:

१. टीबीची नोंद झाली की रुग्णाला निक्षय आयडी मिळतो. त्याचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

२. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा. याच आयडीवर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात ट्रान्सफर होतात. सरकारी केंद्रात औषधं मोफत असतात.

३. पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते). खातं आयडीशी जोडलंय का, ते बघा.

४. गोळ्यांनी त्रास झाला तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. टीबीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे.

बरं वाटणं म्हणजे जागे जंतू कमी झाले, एवढंच. कोर्स कधी संपवायचा ते तपासणी करून डॉक्टर सांगतील.